केराबाईचा हुंकारा

वळसंगच्या पलीकडच्या वस्तीशाळेत अंकिताबाई तिसरीला शिकवायच्या. यंदा नवी योजना आली होती. वर्गातल्या प्रत्येक पोरानं एक धडा बिनमदतीनं वाचून दाखवला, तर बाईंना जादा वेतनवाढ. बाईंनी तर मनातल्या मनात स्कूटी घेऊनसुद्धा टाकली होती. सोलापूरहून एसटीनं यायचं आणि फाट्यापासून ऊन डोक्यावर घेत चालायचं, हे एकदाचं सुटलं असतं. तपासणी नेमकी सोमवारी आली. उपवास होताच, सिद्धेश्वराला बेलाचं एक पान जास्त वाहून त्या निघाल्या.

तपासायला आलेले हिंदुरावसाहेब मोबाइलवर वेळ लावून, तोंड मिटून बसले. बाईंनीही ब्र काढायचा नाही, असा नियम होता. एकेक पोर वाचून गेलं. शेवटी राहिली मेंढपाळाची सोनम. वर्गात तिच्याइतकं छान कुणी वाचत नव्हतं, म्हणून बाई निवांत होत्या.

"कोल्हा विहिरीपाशी आला," सोनमनं वाचलं आणि ती थांबली. साहेबांकडं बघत राहिली.

साहेब गप्प. बाईंच्या लगेच लक्षात आलं. पोर अडली नव्हती, ती हुंकाऱ्याची वाट बघत होती! रोज संध्याकाळी ती आजीला, केराबाईला, धडा वाचून दाखवायची. त्यांच्या घरात ऐकणाऱ्यानं 'व्हय' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. गप्प बसला म्हणजे झोपला. वर्गात बाई स्वतःच 'हं, हं' करायच्या. आज त्यांचंच तोंड बंद.

साहेबांनी कागदावर पेन टेकवलं.

"व्हय," दारातून आवाज आला. नातीला न्यायला आलेली केराबाई उंबऱ्यावर टेकली होती.

सोनम लगेच सुरू झाली. "त्यानं आत वाकून बघितलं."

"व्हय."

"आजी, मदत करायची नाही," साहेब म्हणाले.

"मी कुटं मदत केली? मला कुटं वाचाया येतंय? ती सांगतीया, मी आपलं व्हय म्हनतीया. तुमी म्हना की मग. पोरगी कवाधरनं तुमच्या तोंडाकडं बघतीया."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी पदर तोंडाला लावून मान खाली घातली. साहेब जरा खाकरले आणि सोनमला म्हणाले, "हं."

मग काय, सोनम सुटलीच. कोल्हा विहिरीत पडला, साहेब "अरेरे" म्हणाले. बोकड आला, साहेब पुढं सरकले. पान संपलं, सोनमनं पुस्तक मिटलं.

"मग?" साहेब म्हणाले.

"मग काय, संपली की."

पोरं खदखदून हसली. साहेबही हसले आणि त्यांनी सोनमच्या नावापुढं 'उत्तम' लिहिलं.

वेतनवाढ मंजूर झाली, तेव्हा बाई पेढे घेऊन केराबाईकडं गेल्या.

"व्हय म्हनल्याचं पेढं मिळत्यात व्हय?" केराबाई म्हणाली. "लई सोपं काम हाय की हे."

आता बाई स्कूटीवरून येतात. बाजारच्या दिवशी केराबाई मागं बसते. बाई पोरांच्या गमती सांगत गाडी चालवतात आणि मागून आवाज येत राहतो, "व्हय... व्हय." तो थांबला की बाई गाडी हळू करून मागं वळून बघतात.