एकोणीस झाडांची वही

मी एक जुनी वही आहे. वही म्हटल्यावर लगेच तोंड वाकडं करू नका, मित्रांनो, माझ्यात एकही गणित नाही. माझ्या प्रत्येक पानावर सुती कापडाचा चार बोटांचा तुकडा चिकटवलेला आहे, आणि प्रत्येक तुकडा दिवेआगरच्या एकाच वाडीतल्या एकेका झाडाच्या रंगात रंगवलेला आहे. निदान होता. त्या तुकड्याला कुणी चिंधी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

माझा जन्म टाळेबंदीतला. निवेदिता मुंबईच्या कॉलेजात वस्त्रशास्त्रात एम.एस्सी. करत होती. कॉलेज बंद पडलं, प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि पोरगी घरी आली. हातावर हात ठेवून बसणारी ती नव्हे! झाडांपासून रंग काढणं हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. मग तिनं मागीलदारी चूल मांडली आणि आपल्याच वाडीतली झाडं घेतली. फणसाच्या भुशाचा पिवळा, सुपारीचा तांबूस, नारळाच्या सोडणाचा बदामी, बकुळीच्या सालीचा विटकरी. झाडं दाखवायला तिचे वडील, अण्णा, सगळ्यात पुढे. "हा फणस तुझ्या आजोबांनी लावलेला. बघ आता रंग कसा चढतो!" असं म्हणत ते पातेल्यात डोकवायचे आणि निवेदिता ओरडायची, "अण्णा, वाफ लागेल, मागे व्हा!" एकोणीस झाडं, एकोणीस तुकडे. काय दिमाख होता माझा तेव्हा!

जूनमध्ये चक्रीवादळ आलं. मी तांदळाच्या डब्यात होते म्हणून वाचले. वाडी मात्र आडवी झाली. माझ्यातल्या एकोणीस झाडांपैकी एकही उभं राहिलं नाही. पुढे ओंडके ट्रकमधून गेले, राहिलेली साल पावसात कुजली. अण्णांनी वाडीत जाणंच सोडलं. संध्याकाळी ते मला मांडीवर घेऊन बसायचे.

गावात ना वीज, ना फोन. प्रबंध लिहायला निवेदिता मुंबईला मामाकडे निघाली. ती मला पिशवीत भरत होती तेव्हा अण्णा म्हणाले, "ही इथंच राहू दे गं. तेवढंच राहिलंय." तिला नाही म्हणवेना. "ओली मात्र होऊ देऊ नका हं, अण्णा," एवढं बजावून ती गेली. अगं बाई, पण उन्हाचं कोण सांगणार? शिकलेल्या मुलीला ते इतकं उघड वाटत होतं, की सांगायचं राहूनच गेलं.

त्या पावसाळ्यात चपलांपासून देवांच्या तसबिरींपर्यंत सगळ्यावर बुरशी चढली. वाडीत कामाला येणाऱ्या मनुबाईनं मला हुंगून पाहिलं आणि ऑक्टोबर लागताच म्हणाली, "अण्णा, वहीला ऊन दाखवा, न्हायतर बुरशी धरंल." सुपारी वाळवण्यात जन्म गेलेली माणसं ती. ऊन दाखवलं की वस्तू टिकते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. सुपारीच्या रिकाम्या खळ्यात अण्णा मला रोज उघडून ठेवत, पानं उलटत, कावळे हाकलत. मी आतल्या आत ओरडत होते, पण ऐकतो कोण! झाडपाल्याच्या रंगाला कडक ऊन म्हणजे मरणच. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तीन आठवड्यांत माझी सगळी पानं ताकासारखी पांढुरकी झाली.

दिवाळीला निवेदिता आली. अण्णांनी मला मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे ठेवलं. "बघ, बुरशीचा एक ठिपका नाही!" तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत गेली.

"छान सांभाळलीत, अण्णा," ती म्हणाली आणि परसात जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

प्रबंधाला रंगीत तुकडे जोडणं भागच होतं, म्हणून पुढे तिनं म्हसळ्याकडच्या दुसऱ्या झाडांवर सगळे प्रयोग नव्यानं केले. सहा महिने वाया गेले. अण्णांना सांगितलं, कॉलेजच उशीर करतंय. पदवी मिळाल्यावर मात्र तिला राहवलं नाही. नवी वही दाखवायला ती घरी घेऊन आली. अण्णांनी फणसाचं पान उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हा आपला नाही," ते म्हणाले. "आपला याहून गडद होता."

मग त्यांनी मला ओढून घेतलं, माझंही तेच पान काढलं आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"उन्हानं गेला होय गं?"

निवेदिता माझ्या पानाची दुमडलेली कड सरळ करू लागली.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं, अण्णा?"

त्याच दिवशी अण्णांनी मला काळ्या कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलं. ऊन नाही, ओल नाही, कडुनिंबाचा पालाही घातलेला आहे. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर. पण तेव्हापासून त्यांनी मला एकदाही उघडलेलं नाही. मनुबाईनं पेटी झाडायला काढली, तर ते उठून बाहेर जातात.

मित्रांनो, कुणाला काही जपायला द्याल, तर ते कशानं बिघडतं हेही सांगून ठेवा. आणि जीव लावून जपताना कुणाच्या हातून ते बिघडलंच, तर त्या माणसाला त्या वस्तूपासून तुटू देऊ नका. माझे रंग गेले, त्याचं मला फार वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या तीन आठवड्यांत अण्णा एकेक पान उलटताना एकेका झाडाशी बोलत असत. तेवढंही आता बंद झालं. तुमच्यापैकी कुणी दिवेआगरला गेलात, तर अण्णांना माझा निरोप द्या. म्हणावं, वहीला खुशाल उन्हात काढा. तिच्यात आता उडून जायला काही उरलेलं नाही.