कुंकवाचं बोट लागलेलं कूपन

मित्रांनो, मी एक जुनं कूपन आहे. खरं तर अर्धाच उरलोय, एक कड कात्रीनं गेली. पण उरलेल्या भागावर कुंकवाचं बोट आहे आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

दसऱ्याच्या खरेदीवर कोरेगावच्या एका दुकानात मी विजयमालाकाकींच्या हाती पडलो. ‘ब्लँकेट निम्म्या किमतीत’ असं माझ्यावर छापलं होतं. काकींचा मुलगा शिवतेज फौजेत, बर्फाच्या मुलखात. घरात नवं काही आलं की हळदकुंकू लावायचं, ही काकींची रीत. मलाही लावलं, नेमकं काळ्या रेघांवर नि त्यांखालच्या नंबरावर, आणि देव्हाऱ्यात ठेवलं. तिथं उदबत्तीच्या धुरात मी महिनाभर तरंगत होतो. डोळे मिटले की न पाहिलेला बर्फ दिसायचा. माझ्यावर छापलेली तारीख मात्र कुणीच वाचली नाही.

शिवतेज सुटीवर आला. परत निघायच्या आदल्या दिवशी काकी त्याला घेऊन दुकानात आल्या. ब्लँकेटबरोबर दोन बादल्याही उचलल्या. गल्ल्यावर पूजा नावाची पोरगी बसली होती.

“मावशी, बादल्या लागत्यात का?”

“न्हाई गं. पण जास्त माल घेतल्याबिगर कूपन चालतंय व्हय?”

“चालतंय की. कूपन हाय म्हणून नगं ते घ्यायचं न्हाई.”

मग तिनं मला यंत्रापुढं धरलं. यंत्र गप्प. पुन्हा धरलं, तरी गप्पच.

“नंबरावर कुंकू हाय. आन् आज शेवटची तारीख. पुसते जरा.”

काकींनी झटकन तिचा हात धरला. “नगं बाई! पोरगं उद्या निघालंय. त्येच्यासाठी लावलेलं कुंकू पुसायचं न्हाई.”

“आई, ऱ्हाऊ दे. मी पुरे पैसे भरतो,” शिवतेज म्हणाला.

“तुज्या पगाराचं नगं. माज्या दुधाच्या पैशातनं तुला ऊब द्यायची हाय मला.” काकी म्हणाल्या. मी घाबरलो. पुसलं तर काकींचं मन मोडणार आणि न पुसलं तर ब्लँकेट जाणार.

पूजानं मोबाईलची बॅटरी लावून माझ्याखाली धरली. माझ्या अंगातून उजेड आरपार गेला. लाल आभाळात पाखरं उतरावीत तसे आकडे उमटले. पूजानं ते एकेक करून हातानं टाकले. यंत्र टुणकन वाजलं आणि काकींनी पदर डोळ्यांना लावला.

“आता ध्यानात ठेवा, मावशी. आधी तारीख बगायची. काळ्या रेघांवर घडी न्हाई, कुंकू न्हाई. आन् बिल व्हायच्या आधी कूपन दावायचं.”

वापरलेली कूपनं तिथं तारेत ओवतात. पूजानं माझी तारीख छापलेली, कुंकू नसलेली कड तेवढी कापून घेतली आणि उरलेलं अंग काकींना परत दिलं. काकींनी ते ब्लँकेटच्या घडीत सरकवलं.

आता मी खऱ्या बर्फात राहतो. पहाऱ्यावरून आला की शिवतेज आधी मला चाचपतो, मग ब्लँकेट ओढून घेतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला देव्हाऱ्यात जपू नका, वेळेत वापरा. आणि एखाद्या आईनं कुंकू लावलंच असेल, तर पुसायच्या आधी एकदा उजेडावर धरून पाहा.