दूध-आंबिलीचं भांडण

निपाणीच्या खालल्या गल्लीत धोंडूबाईच्या सोप्यात भरणारं बालसंगोपन मंडळ पहिल्या वर्षी थाटात चाललं, दुसऱ्या वर्षी रडतखडत चाललं आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे सन चौतीसच्या उन्हाळ्यात, बंद पडायला आलं.

कामात खोट नव्हती. गल्लीतल्या बाया दिवस उगवायला तंबाखूच्या वखारीत जायच्या. पोरं बरोबर न्यावीत तर तंबाखूच्या खकाण्यानं शिंकून-खोकून बेजार व्हायची. घरी ठेवावीत तर बघणारं कोणी नाही, म्हणून कुणी कुणी अफूचं बोट चाटवून निजवून जायच्या. धोंडूबाई जैनाची, चौथी शिकलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तिनं सोपा झाडून घेतला, आढ्याला चार पाळणे टांगले आणि बायांना सांगितलं, "पोरं माझ्यापाशी सोडा आणि निवांत कामाला जावा." मदतीला वरल्या गल्लीची मालुबाई आली. ही मराठ्याची, दोन्ही लेकींची लग्नं उरकून मोकळी झालेली विधवा. उंचीनं दाराला लागायची आणि आवाज असा, की वरल्या गल्लीत बोलली तर खालल्या गल्लीत चूल पेटवणारी बाई मान वर करायची. दोघींची मैत्री पंचवीस वर्षांची.

उद्घाटनाला तंबाखूचे व्यापारी आप्पाण्णा शेट आले होते. हार झाले, फोटो झाला. मंडळाला अध्यक्ष मिळाले, उपाध्यक्ष मिळाले, दोन चिटणीस मिळाले. चौदा पोरांना रोज दूध कोण देणार, एवढंच तेवढं ठरायचं राहिलं.

दुसऱ्या वर्षी धोंडूबाई शेटजींच्या पेढीवर गेली, तेव्हा ते प्रसन्न हसून म्हणाले, "आक्का, मंडळ तर झ्याक चाललंय की! चांगलं चाललेल्याला आणि मदत कशाला लागती?"

तिसऱ्या वर्षी ती परत गेली आणि मंडळ आता बुडतंय असं स्पष्ट बोलली. शेटजींनी खेदानं मान हलवली. "बुडत्या कामात कोण हात घालणार, आक्का? तुम्हीच सांगा."

ती उन्हातनं घरी आली, तर चुलीपुढं मालुबाई तांब्याभर दुधात तीन तांबे पाणी ओतत होती.

"हे काय गं?"

"दुपारचं दूध. आणि काय असणार?" मालुबाई तडकली. "आक्का, हे पांढरं पाणी पाजण्यापरीस नाचण्याची आंबील दे. पोटाला आधार तरी हुईल."

"सा-सा महिन्याच्या पोरांना आंबील? पचंल का?"

"आमच्या लेकींना पचली ती!"

दोघींनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. शब्दानं शब्द वाढला. मालुबाई तावातावानं दारात आली आणि तिच्या आवाजानं दोन्ही गल्ल्या गोळा झाल्या. "ठेव तुझं पाणी!" ती ओरडली. "उद्यापासनं पोरं माझ्या सोप्यात जेवतील! आंबील खाऊन घोड्यावानी हुतील!" आणि पाच पोरांचं लेंढार घेऊन ती खरोखरच निघून गेली.

धोंडूबाई त्या रात्री न जेवताच निजली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर दोन चरव्या दूध. आणणारा गडी म्हणाला, "शेटजींनी सांगितलंय, वरल्या गल्लीच्या आंबिलीपुढं आपलं दूध कमी पडता कामा नये. रोज येणार."

दिवेलागणीच्या आधी परसदाराची कडी वाजली. मालुबाई खाली मान घालून उभी होती.

"आक्का, रागावलीस?"

"न्हाय गं. तूच रागावलीवतीस."

"भुकेनं झालं सगळं," मालुबाई म्हणाली आणि मग आवाज दाबून पुढं सरकली. "आक्का, आमच्या गल्लीतल्या तालमीच्या मारुतीरावांनी दोन पोती नाचणी टाकली माझ्या दारात. वर गुळाची ढेप. म्हणतात, खालल्या गल्लीच्या शेटाला दाखवूया."

धोंडूबाईनं चरव्यांकडं बोट दाखवलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि तोंडात पदर कोंबून डोळ्यांत पाणी येईस्तवर हसल्या.

"बरं, मग उद्या मी परत येतो," मालुबाई निघताना म्हणाली.

"येडी का काय तू?" धोंडूबाईनं तिचा हात धरला. "मिटलं तर दूध बी जाईल आणि नाचणी बी. ऱ्हाऊ दे भांडण."

अशी निपाणीत दोन मंडळं झाली. खाली दूधवाले, वर आंबीलवाले. शेटजींनी सतरंज्या दिल्या, तशा मारुतीरावांनी घोंगड्या दिल्या. खाली डॉक्टर पोरं तपासून गेले, तर चार दिवसांत वर वैद्य आले. चौदाची साठ पोरं झाली. कुठलं पोर दुधाचं आणि कुठलं आंबिलीचं, यावर चिकोडीच्या बाजारातसुद्धा पैजा लागू लागल्या. बायांना त्याचं काही नव्हतं. पोरगं संध्याकाळी हसत घरी येतंय, एवढं त्यांना पुरत होतं.

दोघींची भेट मात्र मुश्किलीची झाली. गुरुवारच्या बाजारात भांडेवाल्याच्या पालामागं उभं राहून, एकमेकींकडं न बघता त्या बोलायच्या.

"तुझ्याकडच्या शामूला दूध पाहिजे. आंबील न्हाय सोसत त्याला."

"उद्या धाडतो खाली. त्याच्या आईला सांग, माझ्याकडनं पळवला म्हणून."

"आणि बघ, शेटजी थंडावलेत. दूध पातळ याय लागलंय."

"मग एकदा भांडाय पाहिजे," मालुबाई विचार करून म्हणायची. "सोमवारी येतो तुझ्या दारात. जरा तयारीनं ऱ्हा."

असे सोमवार वर्षातनं दोन-तीनदा यायचे. धोंडूबाईला शिव्या जमायच्या नाहीत. ती आदल्या दिवशी पाळणे हलवताना पुटपुटत पाठ करायची, आणि ऐन वेळी विसरायची. मालुबाई मात्र रंगात यायची, तिची वाक्यं दुसऱ्या दिवशी गल्लीभर फिरायची. घरात शिरल्यावर धोंडूबाई उगीच खिन्न व्हायची. पंचवीस वर्षं जिच्याबरोबर पापड लाटले, ती आता फक्त भांडायलाच दारात येते, हे तिला खुपायचं. पण चरव्या भरून यायच्या.

चार वर्षं असं चाललं. मग बोरगावहून बदलून जिनाप्पा मास्तर आले. सज्जन माणूस, एकीवर फार विश्वास. गावातलं हे वैर बघून त्यांना झोप येईना. ते दोन्ही गल्ल्यांत घरोघर फिरले, दोन्ही बायांना भेटले आणि समेटाचा दिवस ठरवूनच थांबले. धोंडूबाईनं ताप आल्याचं सांगितलं, तर मास्तर म्हणाले, आम्ही तारीख पुढं ढकलू. नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

शाळेच्या पटांगणात दोन्ही गल्ल्या जमल्या. एकीकडं आप्पाण्णा शेट, दुसरीकडं मारुतीराव. दोघंही थोडे उदासच दिसत होते. मास्तर तासभर बोलले. शेवटी त्यांनी गुळाची वाटी पुढं केली. दोघींनी एकमेकींच्या हातचा गूळ खायचा आणि दोन्ही मंडळं एक करायची.

मालुबाईनं खडा उचलला आणि धोंडूबाईपुढं धरला. चार वर्षांत दोघी समोरासमोर एवढ्या जवळ, न भांडता, उभ्या राहिल्या नव्हत्या. मालुबाईच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, हे धोंडूबाईला आता दिसलं. जाऊ दे ते दूध आणि जाऊ दे ती नाचणी, असं तिला मनापासून वाटलं, आणि तिनं तोंड पुढं केलं.

मालुबाईला ते कळलं. साठ पोरं तिच्याही डोळ्यांपुढं होती. तिनं हात मागं घेतला, खडा मातीत फेकला आणि पटांगण दणाणून सोडलं.

"हिच्या संगं एकी? स्वताचं एक लेकरू जगवता आलं न्हाय, आणि लोकांची जगवाय निघालीया!"

धोंडूबाईची कमला अकरा महिन्यांची होऊन तापानं गेली होती. त्याला बावीस वर्षं झाली होती. गल्लीत त्या पोरीचं नाव आठवणारी एकटी मालुबाईच होती, कारण त्या दिवसांत धोंडूबाईला घास भरवायला तीच यायची.

धोंडूबाई पाठ फिरवून निघाली. घरी चालत आली. मास्तर ओसरीवर येऊन डोळे पुसत क्षमा मागून गेले. सकाळी दोनच्या तीन चरव्या आल्या. वरल्या गल्लीतही म्हणे मारुतीरावांनी एक दुभती म्हैस बांधून दिली. आंबिलीच्या मंडळाला म्हैस कशाला, असं कुणी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी धोंडूबाई बाजाराला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मालुबाई का बोलली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी आपण असतो तर आपल्याला सुचलंही नसतं, हेही ती स्वतःशी कबूल करायची. तरी गुरुवार उजाडला की पाय निघायचे नाहीत. आठ आठवडे गेले. सोमवारची भांडणंही थांबली. आता ती खरी झाली होती, त्यामुळं दारात येऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवव्या आठवड्यात कळलं, मालुबाई तापानं अंथरुणाला खिळलीय, पोटात काही ठरत नाही. धोंडूबाईनं पोरं शेजारणीच्या ओटीत घातली, डोक्यावर पदर घेतला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, वरली गल्ली चढली. तिच्यामागं माणसं जमत गेली. मालुबाईच्या दारापर्यंत जत्रा झाली. धोंडूबाईनं आत जाऊन दार लावून घेतलं.

मालुबाई वाळून काटकुळी झाली होती. तिनं डोळे उघडले, ओळखलं, आणि परत मिटून घेतले.

"आक्का, त्या दिवशी जे बोललो ते..."

"मला ठाऊक हाय का बोललीस ते."

"ठाऊक असून आठ आठवडं आली न्हाईस?"

"ठाऊक असणं येगळं आणि लागणं येगळं, मालू."

मालुबाई रडायला लागली. धोंडूबाईनं तिला कुशीवर वळवलं, अंगावरचं लुगडं बदललं, केस विंचरून दिले, चमच्या-चमच्यानं भाताची पेज पाजली. पोटात ठरली. मग त्या कितीतरी वेळ कमलाचं बोलत बसल्या. तिला दात किती आले होते, यावर दोघींचं एकमत होईना. धोंडूबाई म्हणत होती चार, मालुबाई म्हणत होती तीन.

बाहेर कुजबूज वाढली. कुणीतरी दाराच्या फटीला कान लावला होता.

"आता बाहेर काय सांगशील?" मालुबाईनं विचारलं.

"काय तरी ओरडून जातो," धोंडूबाई म्हणाली. पण तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. रडणंच यायला लागलं.

मालुबाई हातावर रेटा देऊन उठून बसली. छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा केला आणि ओरडली, "चल, नीघ माझ्या घरातनं! मी मेल्यावर पोरं पळवायची हाईत व्हय तुला? न्हाय मरत, जा!"

धोंडूबाई डोळ्याला पदर लावून बाहेर पडली. माणसांनी वाट करून दिली. "तापात बी कमी न्हाय बाई," मारुतीराव अभिमानानं म्हणाले. खालल्या गल्लीत आप्पाण्णा शेट पेढीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी तिचे लाल डोळे बघितले आणि धीर दिला, "रडू नका, आक्का. आम्ही हाय तुमच्या पाठीशी."

मालुबाई पंधरा दिवसांत उठली. मास्तरांनी नंतर पुष्कळ वर्षं पुन्हा समेटाचं नाव काढलं नाही. युद्धाच्या दिवसांत धान्य आवळलं, तेव्हासुद्धा निपाणीत दोन्ही मंडळांत पोरं पोटभर जेवली, कारण कुठल्याच गल्लीला आधी हात आखडायचा नव्हता.

त्या दिवशी मात्र, मालुबाईला पेज पाजून धोंडूबाई वरल्या गल्लीतनं खाली येईस्तवर ऊन कलत आलं होतं. सोप्यात पोरं जागी झाली होती, एक गाणं म्हणत होतं, दोन मारामारी करत होती. शेजारीण म्हणाली, "आक्का, मष्णूच्या धाकटीला दात आलाय बघ." धोंडूबाईनं हात धुतले, त्या पोरीला मांडीवर घेतलं आणि बोटानं हिरडी चाचपून बघितली.