घटात न उगवलेलं बी

मित्रांनो, मी एक जुनं बी आहे. गव्हा-ज्वारीचं नव्हे, काश्मीरच्या उंच डोंगरावर फुलणाऱ्या आयरिस नावाच्या निळ्या फुलाचं, त्यातही विरळ जातीचं. अंग काळपट, सुरकुतलेलं आणि डोक्यावर चिमुकली पांढरी टोपी. सध्या ज्या कुंडल गावात माझा मुक्काम आहे, तिथल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांत मी सहज खपून जाईन.

फौजेतल्या मानसिंगनं आम्हा सहा भावंडांना पुडीत बांधून सुट्टीला घरी आणलं. आईच्या हातावर पुडी ठेवत तो म्हणाला, "आये, लय देखणं फूल हाय." तो परत गेला आणि नवरात्र आलं. लेकाचं बी देवापाशी असावं म्हणून त्याच्या आईनं, अंबूबाईनं, आम्हाला घटाच्या मातीत पेरलं.

गहू तिसऱ्या दिवशीच वर आला. ज्वारी, मूग माना काढून उभे राहिले. आम्ही आपले ढिम्म! भरपूर थंडी सोसल्याशिवाय आम्हाला जागच येत नाही, पण हे त्या माउलीला सांगणार कोण?

दसऱ्याला तिचा चेहरा उतरला. "माझ्या लेकाचंच बी तेवढं उगवलं न्हाई गं," ती सुनेला म्हणाली. त्यातच आठ दिवस मानसिंगचा फोन नव्हता. तिला हा अपशकुनच वाटू लागला. मला स्वतःची फार लाज वाटली.

घटाची माती शेतात जाण्याआधी सुनेनं, संयोगितानं, ती चाळून आम्हाला वेचून घेतलं. पुढं फोन लागला तेव्हा मानसिंग हसतच सुटला. "आगं, हितं ती पाच-सा म्हैनं बर्फाखाली निजत्यात!"

मग ओल्या फडक्यात गुंडाळून आमची डबी फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी गेली. "फ्रीजमदी कवा बी उगवतंय व्हय?" अंबूबाई कुरकुरली, पण रोज डबी उघडून बघायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याच्या तोंडावर एका भावंडाला पांढरा मोड फुटला. अंबूबाईनं डबी कपाळाला लावली आणि ती पोटभर रडली.

आज आमची दोन रोपं न्हाणीमागच्या सावलीत आहेत. तिघं कुजली. मी मात्र तिसऱ्या वर्षीही डबीतच.

"आत्या, ह्ये टाकू का आता?" परवा संयोगितानं सासूला विचारलं.

"टाकतीस कुटं? मानसिंगबी सुट्टीला सांगून येळंवर येतोय व्हय कवा? येतोय न्हवं पर? ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, उशीर करणाऱ्याला टाकून देऊ नका. त्याचं फडकं तेवढं ओलं ठेवा.

आज पहाटे माझ्या टोपीखाली काहीतरी हललं आहे. कुणाला सांगू नका. आधी अंबूबाईला दिसू दे.