परक्या शेगडीवरचा गोळाभात

प्रवासाला निघताना यमुताई आधी मसाल्याचा डबा भरत आणि मग कपडे, हे मुकुंदरावांना लग्नापासून ठाऊक होते. हॉटेलातले जेवण ही यमुताईंच्या लेखी आपद्धर्माची गोष्ट. एकदा तर देवदर्शनाच्या गावी यात्री-निवासाच्या व्यवस्थापकाशी वाद घालून त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरात शिरकाव करून घेतला होता आणि परत निघताना तिथल्या आचाऱ्याला पिठल्याची कृती शिकवून आल्या होत्या. म्हणूनच यंदा नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी नागपूरला जमायचे ठरले, तेव्हा त्यांच्या लेकीने, श्वेताने, हॉटेल पाहिलेच नाही. रामदासपेठेत स्वयंपाकघरासह एक फ्लॅट भाड्याने घेतला. श्वेता आणि तिची मुलगी खुशी बंगळूरहून आल्या, मुकुंदराव आणि यमुताई नाशिकहून. मूळची मंडळी नागपूरचीच. पण इथला उन्हाळा मुकुंदरावांच्या हृदयाला सोसवेना, म्हणून निवृत्तीनंतर घर विकून दोघे नाशिकला गेले होते. आता स्वतःच्याच गावात पाहुणे म्हणून राहण्याची पाळी आली होती.

आणि अशा या खास स्वयंपाकघर पाहून घेतलेल्या फ्लॅटमध्ये यमुताई रोज सकाळी म्हणत होत्या, "आज बाहेरच खाऊ ना."

मसाल्याचा डबाही यावेळी आला नव्हता. "विसरला," एवढेच त्या म्हणाल्या. मुकुंदरावांना हे पटले नाही. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला होता आणि एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हा त्यांचा नियम घरात थट्टेचा विषय झाला होता. त्या नियमानुसार ते गप्प राहिले. पण नमुने जमू लागले.

पहिल्याच सकाळी दूध करपले. मुकुंदराव फ्लॅटला लागूनच्या गच्चीत वर्तमानपत्र वाचत होते, तिथपर्यंत त्याचा दर्प आला. ते आत येईपर्यंत खुशी नाक दाबून स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती.

"आजी, शी! काय जळतंय?"

यमुताई शेगडीशेजारीच उभ्या राहून काकडी चिरत होत्या. त्यांनी आधी खुशीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग पातेल्याकडे. हा क्रम मुकुंदरावांच्या मनात रुतून बसला.

"अगंबाई! शेगडी मोठी आहे वं इथली. अंदाजच नाही येऊन राहिला मले," यमुताई म्हणाल्या आणि पातेले घाईने मोरीत नेऊन त्यांनी त्यावर पाणी सोडले.

श्वेताने आईकडे नीट निरखून पाहिले. "आई, तू ठीक आहेस ना?"

"मले काय धाड भरली? दूध करपलं, घर नाही जळालं."

मुकुंदरावांना मात्र करपलेल्या दुधात वेगळेच काही दिसले. त्यांचे थोरले बंधू अखेरच्या वर्षांत स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून घराचा पत्ता विचारत असत. त्याची सुरुवातही अशीच, विसरलेल्या शेगडीपासून झाली होती. डबा विसरला, दूध विसरले. पुढचा शब्द त्यांनी मनातही उच्चारला नाही. त्याऐवजी त्यांनी परीक्षा घ्यायचे ठरवले, आणि ती परीक्षा आहे हे कुणाला कळू द्यायचे नाही असेही.

तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभे असताना ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "आपल्या शेजारी ते राहत होते ना गा, कळमन्याले धान्याची अडत होती त्यांची. काय नाव त्यांचं?"

"ताराचंदजी. बायको रुखमाबाई. तिची बहीण दर दिवाळीले यायची अन् महिना महिना हलायची नाही," यमुताई म्हणाल्या. "अन् बायकोले 'गा' काहून म्हणून राहिले, मी काय गडी आहो? नाशिकले जाऊन बोलायचंही विसरले काय तुम्ही?"

श्वेता खो खो हसली. मुकुंदरावही हसले. रुखमाबाईंची बहीण त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती. स्मरणशक्तीचे गृहीतक बाद झाले.

मग काय उरले? ते पुन्हा नुसते पाहू लागले. यमुताई ठेल्यावाल्याला म्हणत होत्या, "भाऊ, तर्री अजून टाक." एकदा टाकली, दुसऱ्यांदा टाकली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले तरी त्या समाधानाने खात होत्या. वर लिंबू पिळून घेतले, कच्चा चिवडा भुरभुरला. संध्याकाळी सावजी भोजनालयातही तेच. तिखटाच्या आडून मसाल्यातली खोट लपवतात, असे म्हणून ज्या बाईने आयुष्यभर त्या रश्शाला नाक मुरडले, तिने आज वाटी रिकामी करून दुसरी मागवली. आणि खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला आनंद म्हणणे मुकुंदरावांना जमेना. वाळूत हरवलेली अंगठी बोटांनी चाचपडणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

तिखट, आंबट, कुरकुरीत. फ्लॅटवर परतताना मुकुंदराव रिक्षात हे तीन शब्द मनात घोळवत राहिले. तिखट ही मुळात चव नव्हेच. ती जिभेची आग. आंबट जिभेला कळते. कुरकुरीत दाताला आणि कानाला कळते. नाकावाचून जे जे कळते, नेमके तेवढेच यमुताई मागवत होत्या.

दुसऱ्या दिवशी खुशीच्या हट्टापायी सगळे कळमन्याच्या बाजारात जाऊन आले. संत्र्यांचे डोंगर पाहून ती बावरली आणि मग त्यांतली एक पेटी घरी आणवूनच शांत झाली. दुपारी मुकुंदराव गच्चीत यमुताईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. यमुताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुकुंदरावांनी वर्तमानपत्र पुरते उघडून मधे धरले, त्याच्या आड एक संत्रे घेतले आणि आवाज होणार नाही अशा बेताने साल काढायला सुरुवात केली. सालीतून उडालेला बारीक फवारा उन्हात दिसला. वास असा सुटला की त्यांच्याच तोंडाला पाणी आले.

यमुताई हातभर अंतरावर होत्या. त्यांनी एक शेंग सोलली, दुसरी घेतली.

"आबा!" आतल्या खोलीतून खुशी ओरडली. "संत्रं सोलताय ना? मला पण!"

यमुताईंनी दचकून वळून पाहिले. मुकुंदरावांनी वर्तमानपत्र खाली घेतले. त्यांच्या मांडीवर अर्धे सोललेले संत्रे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि यमुताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

खुशी आली, संत्रे घेऊन गेली.

"माझी परीक्षा घेऊन राहिले होते काय?" यमुताईंनी विचारले.

"हो."

"मंग? काय निकाल लागला?"

"कधीपासून, यमू?"

त्यांनी शेंगांचे सूप मांडीवरून खाली ठेवले. "तो मोठा ताप आला होता ना मले, तवापासून. मले वाटलं, सर्दी आहे, जाईल. नाही गेली."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"म्हटलं नव्हतं काय, आजकाल सांभाराले वासच नाही येत म्हणून? तुम्ही म्हणाले, हायब्रिड बियाणं आहे, सुगंधी द्रव्यच कमी असते त्यात. अर्धा घंटा समजावून सांगितलं. मंग भाजीवाला बदलला."

मुकुंदरावांना ते सारे आठवले. स्पष्टीकरण निर्दोष होते. फक्त ते कोथिंबिरीला लागू नव्हते.

"मलेही पटलं ना," यमुताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थट्टा की हुंदका ते ठरवता येईना. "म्हटलं, इतके शिकलेले आहेत, तर खरंच असेल. महिनाभर मी त्या सांभारालेच शिव्या देत होती. मंग एक दिवस हिंगाची डबी उघडली अन् नाकाशी धरली. तवा समजलं."

"पण तू तर रोज स्वयंपाक करतेस. मी रोज जेवतो."

"घरचं सगळं हाताले माहीत आहे हो. मोहरी कानाले समजते. कांदा डोळ्याले दिसते. कोणत्या चमच्यानं किती हिंग, ते चाळीस वर्षांचं मोजमाप आहे. घरची शेगडी मले फसवत नाही. ही परकी आहे, ही फसवते." त्यांनी पदराने डोळे टिपले. "श्वेताले नका सांगू. तिले कळलं की पहिले गॅस बंद करेल माझा. बाई लावेल. मंग मी काय करू दिवसभर?"

श्वेताचे चुकते असे मुकुंदराव म्हणू शकले नसते, हीच अडचण होती. ज्या बाईला गॅसची गळती कळत नाही, तिने बंद घरात एकटीने शेगडी पेटवणे धोक्याचेच होते. पुरावा श्वेताच्या बाजूने होता. तरीही समोरच्या सुपातले हिरवे दाणे पाहताना मुकुंदरावांना वाटले की पुरावा ज्या प्रश्नाचे उत्तर देत होता तो प्रश्न अपुरा होता.

"उद्याचं काय करू?" यमुताईंनी विचारले. "खुशीनं गोळाभात मागितला आहे. शेवटचा दिवस. कंबर दुखते म्हणून सांगू?"

"कर तू गोळाभात. नाकाचं काम मी करतो."

"तुम्ही?" यमुताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "सांभार अन् पालक ओळखता येते काय तुम्हाले?"

"वासावरून येते," मुकुंदराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले, तेव्हा श्वेताने दारातून दोनदा डोकावून पाहिले. यमुताईंनी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा तेलाचे मोहन घालून मळला. त्यात तिखट, हळद, ओवा, मीठ. हात चालू लागले तशी त्यांच्या खांद्यांतली ताठरता गेली. गोळे वळून झाले, अर्धवट शिजलेल्या भातावर बसले, वर झाकण पडले. मुकुंदराव मधूनमधून पुटपुटत होते. "वाफ ठीक आहे. तळ लागला नाही. अजून लागला नाही."

"बातम्या सांगितल्यासारखं काहून करून राहिले? लागला की सांगा."

मग फोडणीची वेळ आली. गोळाभाताचे सारे इमान या वरून घ्यायच्या तेलात असते. कढल्यात तेल तापले, मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, आणि यमुताईंचा हात फळीवरच्या बरणीकडे गेला. घरमालकिणीने ठेवलेल्या दोन सारख्याच बरण्या शेजारी होत्या. दोहोंत फिकट पिवळसर पूड. यमुताईंनी डावीकडची उचलली. मुकुंदराव पुढे वाकले, झाकण उघडताच त्यांना सुंठीचा वास आला. काही न बोलता त्यांनी ती बरणी हातातून काढून घेतली आणि दुसरी दिली. यमुताईंनी तिच्यातली चिमूट टाकली. सगळे घर हिंगाने भरून गेले.

"आई," दारातून श्वेता म्हणाली. "तुला वास येत नाही."

तो प्रश्न नव्हता. यमुताईंनी कढले उतरवले, गॅस बंद केला, आणि मग वळल्या.

"नाही येत."

"किती दिवस झाले?"

"लई दिवस."

"आणि तू रोज एकटी गॅसजवळ! काही झालं असतं म्हणजे? बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काल समजलं," मुकुंदराव म्हणाले. "तुझं म्हणणं बरोबर आहे. धोका आहे."

यमुताईंनी नवऱ्याकडे असे पाहिले की दुसरा कुणी असता तर त्याने वाक्य परत घेतले असते.

"मंग बाई लाव," त्या श्वेताला म्हणाल्या. "ती येईल, रांधेल, अन् मी सोफ्यावर बसून खाईन. नाक गेलं वं माझं. हात नाही गेले."

श्वेताने पुढे येऊन आईच्या हाताला लागलेला भरडा पुसला, मग उगाचच पुन्हा पुसला. "बाई नाही लावत," ती अखेर म्हणाली. "पण नाकाच्या डॉक्टरला दाखवायचं. गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवायचं. आणि एकटीनं शेगडी पेटवायची नाही."

"एकटीनं नाही तर कोणासंगं?"

"मी बसत जाईन," मुकुंदराव म्हणाले.

"बाबा, तुम्हाला चहापत्ती कुठं असते ते तरी माहीत आहे का?"

"शोधता येईल."

"रोज?" यमुताईंनी विचारले. "सकाळ-संध्याकाळ? वर्तमानपत्र न घेता?"

"न घेता."

यमुताईंनी त्यांना थोडा वेळ निरखले, आणि मग पाने घ्यायला सांगितली.

गोळाभात ताटात कुस्करला गेला, वर तेल पडले, लिंबू पिळले गेले. खुशीने तोंड भरून विचारले, "आजी, मग तुला कसं लागतं?"

"गरम लागते. लिंबू लागते. गोळा दाताले रवाळ लागते. बाकीचं आठवून घेते." मग त्या मुकुंदरावांकडे वळल्या. "कशी आली आहे फोडणी? खरं सांगा."

"योग्य."

"योग्य म्हणजे काय? नळाचं पाणी आहे काय ते?"

मुकुंदराव अडखळले. गंधासाठी त्यांच्यापाशी प्रयोगशाळेतले दोनच शब्द होते: सामान्य आणि आक्षेपार्ह. त्यांनी घास हातातच धरला, वास घेतला, आणि सिद्ध करता येणार नाही असे काहीतरी सांगायला निघालेल्या माणसासारखे जपून बोलू लागले.

"तुला पाहायला आम्ही पारशिवनीले आलो होतो ना. तू पोहे देऊन आत गेली. मंग आतून कुणीतरी फोडणी टाकली. हिंगाचा वास बैठकीत आला, अन् माझे काका म्हणाले, पोरीच्या हाताले चव असणार. मी काही बोललो नाही. पण माझं ठरलं होतं. तसा वास आहे आज. अगदी तसाच."

यमुताई जेवायच्या थांबल्या. श्वेतानेही घास खाली ठेवला.

"ती फोडणी," यमुताई म्हणाल्या, "वहिनीनं टाकली होती. मी तर दारामागं उभी राहून तुमचे बूट पाहून राहिली होती."

खुशी आधी हसली, मग श्वेता. मुकुंदरावांनी हातातल्या घासाचा पुन्हा एकदा वास घेतला.

"म्हणजे पुरावा चुकीचा होता," ते म्हणाले.

"मंग? निकाल बदलता काय आता?"

"नाही."

यमुताईंनी ताट जरा जवळ ओढले, एक घास घेतला आणि डोळे मिटून तो सावकाश चावला. "अजून सांगा," त्या म्हणाल्या. "वाफेचं सांगा. अन् घाई करू नका."