पासिंगपुरता पाईप

वाल्मीकशेठची पिकअप जुनी होती, एवढेच म्हटले तर तिच्यावर अन्याय होतो. कंपनीने तिचे मॉडेल बंद केले, दुकानदारांनी तिचे सुटे भाग ठेवणे बंद केले. सावळघाटाच्या पायथ्याच्या पाड्यावरून गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांपर्यंत बाया पोहोचवणे मात्र तिने बंद केले नव्हते. कागदोपत्री ती मालवाहू होती. बाया हा माल कोणत्या सदरात मोडतो, हे कोणी विचारले नव्हते. सकाळी उभ्याने भरायच्या, संध्याकाळी उतरवून द्यायच्या, एवढ्यावर सगळ्यांचे भागत होते.

गाडी बहिरू चालवायचा. त्याची बायको अक्काबाई मागच्या हौद्यात इतर बायांसोबत उभी असायची, कारण केबिनमधल्या जागेवर शेठच्या फवारणीच्या औषधाचे डबे बसत. डब्यांना ऊन सोसत नाही.

छाटणी ऐन भरात असताना एका संध्याकाळी घाट उतरताना ब्रेकचे पेडल बहिरूच्या पायाखालून तळाला गेले. गाडी वळणावरच्या कठड्याला घासत, ठिणग्या उडवत थांबली. कोणी मेले नाही, म्हणून काही घडलेच नाही असे ठरले. पण दुसऱ्या सकाळी पाड्यावरची एकही बाई हौद्यात चढली नाही, आणि काही घडले आहे ही बातमी प्रथमच वाल्मीकशेठपर्यंत पोहोचली.

तो स्वतः मोटारसायकलवर आला. "काय गं, विमान पाठवू का तुम्हाला?"

"इमान नको शेठ, बिरेक पाठव," अक्काबाई म्हणाली. बाया हसल्या. शेठही हसला. हसण्यात त्याचे काही जात नव्हते.

"गाडीचं आरटीओ पासिंग आलंच आहे. मागचा ब्रेकचा पाईप बदलून घेतो. तूच चल ना गॅरेजला. डोळ्यांनी बघ, आणि येऊन सांग यांना."

साक्षीदार कसा निवडावा, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पेठ रोडवरच्या गॅरेजात मेकॅनिक सनी गाडीखाली शिरला. चासीवरून येणारी लोखंडी नळी आणि मागचा आस यांच्यामध्ये हातभर रबरी पाईप असतो. आस खड्ड्यांत वरखाली नाचतो, लोखंड नाचू शकत नाही, म्हणून तिथे रबर. ते रबर फुगून तडकले होते आणि ब्रेक ऑइल चाकाच्या आतल्या अंगावर ओघळत होते. नट गंजून नळीशी एकजीव झाला होता. सनीने तो गॅसच्या ज्योतीवर लाल केला, शिव्या घालून सोडवला, आणि भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगलेला कोरा पाईप काढला.

"ह्यो कुठून गावला? बाजारात तर नाय म्हनत्यात," बहिरूने विचारले.

"आपल्याकडे आहे ना मामा. जपून ठेवलाय."

या उत्तरात खोटे काहीही नव्हते.

नळीतली हवा काढायला पेडलवर कोणीतरी हवे होते. अक्काबाई चपला काढून, देवळात शिरावे तशी, ड्रायव्हरच्या जागेवर चढली. एवढ्या वर्षांत ती केबिनमध्ये पहिल्यांदाच बसत होती. बहिरू खाली चाकाशी पान्हा लावून ओरडू लागला, "दाब! धर! सोड!" सनी वरून ऑइल ओतत राहिला. चाकाशी धरलेल्या बाटलीत बुडबुडे येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले.

"आता कडक लागतंय हो. दगडावानी," ती वरून म्हणाली. "आधी पाय गिळत व्हतं."

"मामी, लायसन काढून टाका आता," सनी म्हणाला.

"काढते की. मंग यांना हौद्यात हुभं करते."

तिथूनच ती काळीपिवळी जीप धरून पाड्यावर गेली; बायांना सांगायची तिला घाई होती.

आरटीओतला तपासणीचा अधिकारी प्रामाणिक निघाला. त्याने काही मागितले नाही, काही गाळले नाही. चारही चाकांचे ब्रेक यंत्रावर मोजले, चारही उत्तम लागले, तसे लिहून दिले. लाच दिली असती तर निदान कोणाच्या तरी नावाने थुंकता आले असते. इथे तीही सोय नव्हती.

परत येताना शेठने गाडी गॅरेजात वळवायला लावली. सनी पुन्हा खाली शिरला आणि कोरा पाईप सोडवू लागला.

"आरं, काय करतोय?"

"मामा, हा पासिंगचा पाईप आहे. उद्या घोटीची गाडी यायचीय. नंतर मालेगाव." सनीच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. सण असला की गल्लीत एकच पैठणी घरोघर फिरावी, तसा तो एक पाईप या जुन्या गाड्यांमध्ये फिरत होता, आणि प्रत्येक गाडी आपापल्या दिवशी खरोखरीच निर्दोष असायची. "टायरपण असेच देतात लोक. आपण तर फक्त पाईप देतो."

लोखंडी नळीच्या तोंडात त्याने ऑइल अडवायला एक पोलादी छर्रा बसवला आणि वरून नट आवळला. मागची चाके ब्रेकमधून वजा झाली.

"पुढचे दोन लागतात ना! उलट पेडल अजून कडक लागेल, बघा."

बहिरूने दाबून बघितले. खरेच अजून कडक लागले.

"शेठ, अंबडला कारखान्यात पाईप बनवून देत्यात. मी घिऊन येतो. माझ्या पदरचा."

"कशाला? गाडीला काय झालंय?" वाल्मीकशेठने कागद उघडून दाखवला. "चारही ब्रेक चांगले. शिकलेल्या माणसांनी मशिनवर मोजलेत. तू त्यांना खोटं पाडतो का? पास झालेल्या माझ्या गाडीला आता कोणी पान्हा लावायचा नाही."

"मंग मी नाय चालवीत."

"नको चालवू. माझा भाचा येतो उद्यापासून. चांगला पोरगा आहे. घाट न्यूट्रलवर उतरवतो, तेवढंच डिझेल वाचतं."

बहिरू मनाशी हिशेब करू लागला. बायकोला सांगावे, तर ती उतरेल, पाडा उतरेल. शेठ पुढच्या पाड्यावर जाईल, तिथल्या बाया चढतील, आणि त्यांना न्यूट्रलवर उतरवणाऱ्या पोराला मागची चाके मेली आहेत हे ठाऊकही नसेल. निदान एकाला तरी ठाऊक असावे. कोणत्याही बाजूने विचार केला तरी तो त्याच हौद्यापाशी येऊन उभा राहत होता. त्याने किल्ली घेतली.

सकाळी पाड्यावर बाया घोळक्याने उभ्या होत्या, चढत नव्हत्या.

"मी सवता दाबलाय," अक्काबाई सांगत होती. "माझ्या पायानं. दगडावानी हाय." आधी ती चढली, मग एकेकीला हात देऊन वर ओढू लागली. शेवटची चढल्यावर केबिनच्या जाळीतून तिने विचारले, "कडक हाय ना वं?"

बहिरूने पेडल दाबले.

"कडक हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी घाटाच्या माथ्यावर त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इंजिन कण्हू लागले. मागे बाया दिवसभराच्या श्रमांनंतर मोकळ्या झाल्या होत्या, आणि अक्काबाई त्यांना गॅरेजातली गंमत सांगत होती: कसे दाबायचे, कधी धरायचे. पहिले वळण आले.

"दाब!" ती ओरडली, आणि सगळ्यांचे अनवाणी पाय हौद्याच्या पत्र्यावर एकदम आपटले. हसू फुटले.

"धर!"

बहिरूने पेडल दाबले होते, दगडासारखे ते जिथल्या तिथे होते, आणि कठडा जवळ येत होता. पुढची चाके किंचाळली. गाडी वळली.

खाली आणखी वळणे होती. मागे पाय पुढच्या वळणासाठी तयार झाले.