माती सारं पेते

मोठेबाबा मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. उन्हाळ्यातली दुपार कलती झालेली, खसच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलेलं, ओल्या मुळांचा गारवा घरभर पसरलेला, आणि त्या अर्धवट काळोखात पूर्वेच्या खोलीतून येणारा एक बारीक, कोरडा, जवळजवळ धातूचा वाटावा असा नाद. टिण्. चहादाणीचं झाकण तिच्याच अंगावर हळूच वाजवून ते माती पारखत असत. नाद स्वच्छ आला की भुवई किंचित वर जाई, आणि त्या दिवसापुरती ती त्यांची प्रसन्नता असे. त्यानंतर त्यांचा चहा होईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, बादली आपटायची नाही, रेडिओ लावायचा नाही.

खोटं कशाला बोलू? मला ते आवडत नसत. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात, आणि मीही इतकी वर्षं मान डोलावून 'रसिक होते हो' म्हणत आले. आता पुरे झालं. रसिक होते, मान्य. पण त्या रसिकतेची किंमत कोणाच्या हाडांनी मोजली, ते मी अंगणातून पाहिलेलं आहे.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमची नंदनवन वस्ती तेव्हा शहराचं टोक होती, आणि तिथं एकाच आवारात, मधे पेरूचं झाड ठेवून, अलीकडे आम्ही राहत होतो आणि पलीकडे मोठेबाबा आणि मोठी आई. आमचं घराणं कोष्ट्यांचं. आजोबांचा जन्म मागावर वाकण्यात गेला, आणि मोठी आई तर उमरेडच्या विणकराची लेक. लग्नानंतर तिच्यामागोमाग तिच्या वडिलांनी दिलेला माग बैलगाडीतून आला होता. मोठेबाबा मात्र शिकले, रेल्वेत साहेब झाले, आणि मागाचा आवाज त्यांच्या कानाला बोचू लागला. मोठी आई 'मले' म्हणाली की ते न पाहता 'मला' म्हणत. तीही बिचारी 'मला' म्हणे, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा 'मले'.

रेल्वेच्या पासावर ते कलकत्त्याला जात, आणि तिथूनच हे वेड घरी आलं. चीनच्या लढाईनंतर तिथल्या चिनी वस्तीतली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाडं मोडून निघाली होती. त्यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडताना उराशी धरून आणलेली भांडी आता दारातल्या चटईवर मांडली जात होती, आणि मोठेबाबा त्या दारांत पिशवी घेऊन उभे राहत. कोणाचं घर उठतंय याची खंत त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकली नाही. बोलत ते चोचीच्या वळणाविषयी, मुठीच्या कमानीविषयी, जांभळट तपकिरी मातीत खोल दडलेल्या तांबूस झाकेविषयी. मुठीत मावतील एवढ्याल्या त्या चहादाण्या. आम्ही त्यांना किटल्या म्हणायचो, आणि दर वेळी बोलणी खायचो.

आणि एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे, म्हणजे माझा राग नेमका कशाचा ते कळेल. त्यांच्या बोटांत विलक्षण मार्दव होतं. चहादाणी उचलताना ती लांबसडक, कोरडी बोटं अशी अलगद मिटत, की तान्ह्या बाळाची टाळू धरावी. हे मार्दव त्या हातांना येत होतं, आणि तरी त्या घरातल्या जित्याजागत्या माणसाच्या वाट्याला ते एकदाही आलं नाही, हेच मला सहन होत नसे. मोठी आई तापानं फणफणली होती तेव्हा ते उंबऱ्याशी आले आणि विचारलं, "खोलीत गेली नव्हतीस ना?"

ती खोली खरं तर तिची होती. पूर्वेची, दोन मोठ्या खिडक्यांची. सकाळचा कोवळा उजेड ताण्याच्या सुतांवर पडे तेव्हा एकेक धागा निराळा दिसे, आणि धोट्याच्या येरझाऱ्या, फणीचा ठोका, पुन्हा धोटा, पुन्हा ठोका, असा त्या घराचा श्वास दुपारपर्यंत चाले. करवती काठाची लुगडी ती विणायची, आणि विणताना तिचा चेहरा असा निवळे की मला तिच्याकडे पाहत बसावंसं वाटे. मग त्या खोलीच्या भिंतीला मोठेबाबांची पहिली काचेची कपाटं लागली. मागाच्या ठोक्यासरशी कपाटातली झाकणं थरथरू लागली, टिणटिणू लागली. ते कितीतरी दिवस काही बोलले नाहीत; आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडत नसे. एका सकाळी पेपराची घडी करता करता म्हणाले, "उद्यापासून माग नको."

झालं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. लाकडं सुटी करून, दोरीनं बांधून, मागच्या टिनाच्या शेडमध्ये टाकली. धूळ येते म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागले. आणि मागावरून उतरलेलं शेवटचं कापड, काठ अर्धाच विणून झालेलं, इतकं मऊ होतं की चहादाण्या पुसायला फार छान, असं म्हणून मोठेबाबांनी त्याचे कात्रीनं सारखे चौकोन केले. मोठी आई बाजूला उभी होती. ती काहीच का बोलली नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

एवढंच की दर खंडेनवमीला, घरोघरी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते तेव्हा, ती शेडमध्ये जाऊन त्या बांधलेल्या लाकडांना हळदकुंकू वाही, आणि परत येऊन दाराशी उभी राहून विचारी, "आता लावू काय जी माग?"

"पाहू," मोठेबाबा म्हणत. वर्षातून एकदा हा प्रश्न आणि वर्षातून एकदा हे उत्तर, माझी शाळा संपली, कॉलेज संपलं तरी चालूच होतं. त्या दोघांत दुसरा संवाद म्हणावा असा फारसा नव्हताच. एक विषय सोडून.

तो विषय म्हणजे माती. मोठी आईचं सोवळंओवळं, उपासतापास, सुतकपातक, या सगळ्याला मोठेबाबा 'अडाणीपणा' म्हणत आणि पाहुण्यांसमोर त्याची टिंगलही करत. पण चहादाण्यांना कोणाचा हात लागू नये म्हणून त्यांनी तिला जे समजावलं, ते मात्र तिला पहिल्याच खेपेला पटलं. ही माती सगळं पिते, ते म्हणाले. हाताचं तेल, साबणाचा वास, ज्यानं वापरली त्याचा चहा, सगळं आत मुरतं आणि पुन्हा निघत नाही; म्हणून ही कधी घासायची नाही, आणि माझ्याशिवाय कोणी शिवायची नाही. मोठी आईचा चेहरा उजळला. "होय नं!" ती म्हणाली. "म्हणून तं मातीचं भांडं विटाळलं का पुन्हा घेत नाही आमच्यात. तांब्यापितळेचं घासलं का झालं. मातीचं नाही होत तसं. माती सारं पेते." नवऱ्याला आपलं काही समजतं, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की ती ते शेजारीपाजारी सांगत सुटली.

शेजारणी मग त्या 'चिनीमातीच्या किटल्या' पाहायला येत. पांढरंशुभ्र, चकचकीत, निळ्या फुलांचं काहीतरी दिसेल या आशेनं आलेल्या बायांना कपाटात ती मातकट बोळकी दिसली की त्यांची तोंडं उतरत. "माय वं! हे तं आपल्या कुंभाराच्याच वाटते." मोठेबाबा आतून तडक बाहेर येत. ही चिनीमाती नव्हे, ते एकेक शब्द तोडून सांगत. चिनीमाती म्हणजे झिलई, वरचं सोंग. ही माती आहे. नुसती माती. मोठी आई त्यांच्यामागे उभी राहून मान हलवी आणि बायांना पुन्हा समजावी, चिनीमातीचं नाही वं, मातीचंच आहे.

मोठेबाबा गेले ते संत्र्यांच्या दिवसांत, सकाळी, आरामखुर्चीत. हातातला चहा निवला होता. घरात रडणं झालं. मला रडू आलं नाही, आणि मी ते आणण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांचा मुलगा, आमचा दादा, भोपाळहून आला. दहाव्याच्या सकाळी तो आणि माझे वडील भटजींबरोबर घाटावर गेले, आणि इकडे बायांनी घर सारवायला, धुवायला घेतलं. सुतक फिटताना घरातली मातीची भांडी टाकायची असतात. मोठी आईनं पाण्याचा माठ काढला, घागर काढली, पणत्या काढल्या. लोणच्याच्या बरण्यांपाशी ती क्षणभर थांबली. त्या चिनीमातीच्या, धुतल्या की चालतात, म्हणून त्या ठेवल्या. मग कमरेला पदर खोचून ती पूर्वेच्या खोलीत गेली आणि कपाटं उघडली.

"घमेलं आण वं पोरी."

मी घमेलं घेऊन आले. "मोठी आई, ह्याही?"

"काहून? मातीच्या नाही काय?" ती म्हणाली. "चिनीमाती नोहे म्हणून त्याहीनंच तं सांगतलं होतं."

मी तिच्या डोळ्यांत खूप शोधलं. सूड शोधला, कारण मला तो हवा होता. इतक्या खंडेनवम्यांचा हिशेब तिनं आज चुकता करावा असं माझ्या मनातून फार होतं. तिथं काहीच नव्हतं. रीत होती, आणि रीत नीट पार पडते की नाही याची काळजी. घमेलं भरून आम्ही मागच्या नाल्याशी गेलो. नुसतं टाकून चालत नाही, फोडायचं असतं, नाहीतर गोरगरीब उचलून नेतात आणि सुतक त्यांच्या घरी जातं. तिनं एकेक चहादाणी काठावरच्या दगडावर आपटली. दर वेळी आधी तोच नाद उमटे, टिण्, स्वच्छ, कोरडा; आणि मग खापऱ्या. मोठेबाबांची पारख खरी होती. माती पक्की होती. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर पदर धरला, आणि पलीकडून पाहणाऱ्यांना वाटलं, पुतणी रडून राहिली.

दादा परत आला तेव्हा कपाटं पुसून झाली होती. त्यानं रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला. "आई, काय करून बसली वं तू! कितीतरी पिढ्यांआधीच्या होत्या त्या. किती जुन्या, तुला माहीत आहे का?"

मोठी आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "इतक्या जुन्या?" तिनं घाबरून विचारलं. "मंग तं कितीक लोकाइचं मरण पेऊन बसल्या असन त्या! बरं झालं बापा, गेल्या घरातून."

तेरवी झाली आणि तिनं कोणालाच काही विचारलं नाही. पडदे आणि काचेची कपाटं उतरवली. उमरेडहून तिचा भाऊ आला, शेडमधली लाकडं निघाली, वाळवी लागलेली दोन बदलली गेली, आणि माग आपल्या जुन्या जागी उभा राहिला. पहिला ठोका पडला त्या सकाळी मी अंगणातल्या पेरूखाली मुद्दाम जाऊन बसले. थंडीतलं पिवळं ऊन दोन्ही खिडक्यांतून आत सांडलं होतं. धोटा, ठोका, धोटा, ठोका. माझ्या मनात आलं, जिंकलो आपण. मेला तो, आणि माग लागला.

आणि मग ठोका थांबला.

मी वाट पाहिली. बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू. आणि पुन्हा थांबला. मी उठून दारात गेले. मोठी आई मागावर बसली होती, हात फणीवर अधांतरी थांबलेला, मान वळून त्या भिंतीकडे, जिथं कपाटं होती आणि आता नुसते खिळे होते. ती कान देऊन ऐकत होती.

"काय झालं, मोठी आई?"

ती दचकली. ओशाळं हसली. "काही नाही वं. झाकणं वाजून राहिली काय, पाहून राहिली होती."

मला त्या क्षणी मोठेबाबांचा जो संताप आला, तसा ते जिवंत असताना कधी आला नव्हता. माती सगळं पिते म्हणाले होते. हातही पितो, आणि त्याला कोणत्या दगडावर आपटायचं, याची रीत कुठल्याच शास्त्रात नाही.

ती पुढं कितीतरी वर्षं विणत राहिली, आणि शेवटपर्यंत अशीच थांबत थांबत विणत राहिली. आता तीही नाही. तिनं त्या थंडीत विणलेलं करवती काठाचं लुगडं माझ्याकडे आहे. घडी मोडून, पूर्वेच्या उजेडासमोर धरलं की पोतात मधे मधे आडव्या, सैल रेघा दिसतात. तिचा हात जिथं थांबून कानोसा घेत होता, तिथं वीण विरळ राहिली आहे. काळ तिथून आरपार दिसतो, आणि त्या पलीकडे, पडदे ओढलेल्या खोलीत, मोठेबाबा अजून आपला चहा पीत बसलेले असतात.